दोन अपत्यांची अट आणि गावाकडच्या बायकांचे गर्भपात

रानजाई (भांडुप)

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा पुन्हा तो मेसेज फिरला, 'चीनसारखा कडक कायदा आल्याशिवाय या देशाचं काही खरं नाही'. पाठवणारे माझे चुलत दीर. मी एवढंच विचारलं, भाऊजी, आपल्या गावात सरपंचपदाचा अर्ज भरताना मुलं किती ते लिहून का द्यावं लागतं? उत्तर आलं नाही, हात जोडलेली इमोजी आली. म्हणून इथे लिहितेय.

कायदा आपल्याकडे आहेच. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषद, महापालिकेपर्यंत कुठेच उभं राहता येत नाही. निवडून आलेलं असलं तर पद जातं. सरकारी नोकरीला २८ मार्च २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्याच वर्षीच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या शेतकऱ्याला पाणीपट्टी दीडपट लावायची तरतूद आहे. आमदार-खासदारांना यातलं काहीच नाही. आमदाराला पाच मुलं चालतात, पंचायतीच्या मेंबराला तिसरं चालत नाही.

मला बोलायचंय ते याच्या पुढचं. ही अट जन्मलेली मुलं मोजते. बाईला किती वेळा दिवस गेले याच्याशी तिला घेणंदेणं नाही. मूल जन्मलं की त्याची नोंद होते. दत्तक दिलं तरी ते मोजलं जातं, ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१८ साली तसं स्पष्ट केलंय. पाडलं तर कुठेच काही दिसत नाही. मग घरात तिसऱ्यांदा दिवस गेलेत, आणि नवऱ्याला किंवा सासऱ्याला पॅनेलमध्ये उभं राहायचंय, तर त्या घरात काय ठरतं हे सांगायला नको. कायद्यात गर्भपाताचा 'ग'सुद्धा नाही, पण कागद कोरा ठेवायचा दुसरा मार्गही त्याने ठेवलेला नाही.

लालबागच्या आमच्या खोलीत मी शाळेत असताना खटावकडच्या बायका यायच्या. 'मुंबईला तपासायला' म्हणून. तालुक्याला गेलं तर कंपाउंडर ओळखीचा, रिक्षावाला भावकीतला, म्हणून मुंबई. दोन-तीन रात्री राहायच्या, भिंतीकडे तोंड करून झोपायच्या. आई त्यांना बाळंतिणीसारखा तूप घालून शिरा करायची आणि आम्हाला कॉमन गॅलरीत पिटाळायची. त्यातल्या एका चुलतीने मला पुढे लग्न झाल्यावर सगळं सांगितलं. तिला दोन मुली. मुलगा की मुलगी हे तिसऱ्या खेपेला कुणी बघितलंसुद्धा नव्हतं, निवडणूक सहा महिन्यांवर आली होती एवढंच. तिला विचारलं का, असं मी म्हटलं तर हसली. 'इचारायचं काय त्यात, गाडीचं तिकीट काढूनच आले हुते.' काका ती निवडणूक हरले.

तुमच्या घरांत असं काही घडलं असेल तर लिहा. गाव, नाव नको.

सडेतोड

लेख भावनिक आहे, मुद्दा पोकळ आहे. पोलीस आले होते का ओढून न्यायला? तिसरं नको होतं तर तांबी बसवायची, ऑपरेशन करायचं. घरातल्यांनी दबाव टाकला तर तो घरातल्यांचा दोष. महाराष्ट्राचा जननदर खाली आला तो असल्या नियमांमुळेच.

डॉ_अबोली (ठाणे)

सडेतोड, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.७ आला. केरळ आणि तमिळनाडूचा १.८. त्या दोन राज्यांत पंचायतीला दोन मुलांची अट नाही. मुली शिकल्या, मुलं जगायला लागली, की दर उतरतो. अट घालून उतरला असं म्हणायला आधार हवा.

आता 'ऑपरेशन करायचं'. कुणी? त्याच पाहणीत देशातल्या विवाहित जोडप्यांत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. डॉक्टर झाल्यावरची सक्तीची सरकारी नोकरी, बॉण्डची, मी ग्रामीण रुग्णालयात केली. बायका म्हणायच्या, 'म्याडम, पिशवी साफ करायचीय.' म्हणजे गर्भपात. ऑपरेशन का नाही केलं, विचारलं की ठरलेलं उत्तर, 'मुलगा झाल्याबिगर करू देत न्हाईत.' म्हणजे मुलगा होईपर्यंत ऑपरेशन नाही आणि दोनच्या वर मूल नाही. या दोन अटी एकाच बाईवर एकत्र बसतात तेव्हा काय होतं ते गणित करून बघा. सोनोग्राफीत लिंग खात्रीने कळायला साधारण चौदा आठवडे जावे लागतात, म्हणजे असा गर्भपात चौथ्या-पाचव्या महिन्यात. पहिल्या दोन महिन्यांतला आणि हा यात धोक्याचा फार फरक आहे. ज्याने लिंग सांगितलं तो गुन्हेगार, त्यामुळे हे काम चांगल्या दवाखान्यात होत नाही. परळीचं बेकायदा गर्भपातांचं प्रकरण २०१२ साली उजेडात आलं ते बाई मेल्यावर. म्हैसाळचं २०१७ चं, तेही बाई मेल्यावरच.

राज्यात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण हजार मुलग्यांमागे २००१ ला ९१३ होतं, २०११ ला ८९४ झालं. बीडमध्ये ८०७. हे सगळं या अटीने केलं असं मी म्हणणार नाही. मुलाचा हव्यास फार जुना आहे. अटीने त्याला घाई लावली.

माणदेशी

ताई तुमी खटावच्या का, मग आपण शेजारीच. मी नालासोपाऱ्यात असतो, गाडी चालवतो.

आमच्यात निवडणूक लागली की विरोधी पॅनेलवाला आधी अंगणवाडीत जातो. तिथल्या रजिस्टरची नक्कल, दवाखान्यातली नोंद, रेशनकार्ड, सगळं फायलीत घालून कलेक्टरकडं अर्ज. त्यामुळं ज्याला तिसरं ठेवायचंच आसतंय तो आदीच बंदोबस्त करतो. आमच्या भावकीतली एक वहिनी बाळंतपणाला माहेरी गेली. दवाखान्यात नाव दिलं तिच्या जावंचं. पोरगं झालं. आता शाळेत, आधारवर, सगळीकडं ते धाकट्या भावाचं. घर एकच हाय, पोरगं आईलाच काकी म्हणतंय. लोकांसमोर चुकून आई म्हणलं तर मार खातंय.

हे ज्यांना जमलं त्यांचं सांगितलं. ज्यांना जाऊ नव्हती त्या मुंबईला आल्या.

सायली_एम

रानजाई, तुमच्या दिरांना हे दाखवा. मी एमबीबीएस चीनमध्ये केलं, घरमालकीण खेड्यातून शहरात आलेली. तिने जे सांगितलं ते आणि पुढे जे वाचलं ते लिहिते.

१९८० मध्ये एका मुलाचं धोरण सक्तीने सुरू झालं. खेड्यात ते राबवायला कुटुंबनियोजनाचे कार्यकर्ते असायचे, प्रत्येकाला ठरलेला आकडा. आकडा चुकला तर वरच्या साहेबाची बढती जाणार, म्हणून साहेब खालच्याच्या मानेवर बसायचा. पहिल्या मुलानंतर तांबी, दुसऱ्यानंतर नसबंदी. तांबी जागेवर आहे ना हे बघायला दर काही महिन्यांनी बायकांना रांगेत उभं करून तपासायचे. एकट्या १९८३ मध्ये सुमारे दोन कोटी नसबंदी आणि १ कोटी ४० लाखांच्या वर गर्भपात झाले. त्याच साली संयुक्त राष्ट्रांचा पहिला लोकसंख्या पुरस्कार दिला गेला. दोघांना मिळून, चीनचे कुटुंबनियोजन मंत्री छ्येन शिनचोंग आणि आपल्या इंदिरा गांधी.

१९८४ नंतर खेड्यांना सूट दिली, पहिली मुलगी असेल तर काही वर्षांनी दुसरं मूल चालेल. म्हणजे मुलगी अर्धी, असंच सरकारने लिहून दिलं की. ज्यांना परवानगी नव्हती त्या बायका पोट दिसायला लागलं की दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे लपायच्या. सापडली नाही तर तिच्या सासऱ्याला कोंडायचे, घरातलं धान्य, डुकरं उचलून न्यायचे. माझ्या घरमालकिणीची बहीण अशीच आईला कोंडलं म्हणून स्वतः हजर झाली होती. सातवा महिना होता. 'ती परत आली आणि शेतावर गेली, आमच्या घरात त्यावर कुणी बोललं नाही,' एवढंच तिने सांगितलं. मग विषय बदलून मला भात वाढला.

लपवून जन्मलेल्या मुलांची नोंदणी व्हायची नाही, म्हणजे शाळा नाही, रेल्वेचं तिकीट नाही. अशी नोंद नसलेली सुमारे १ कोटी ३० लाख माणसं २०१० च्या जनगणनेत निघाली. माणदेशी दादांचं काकी म्हणणारं पोरगं वाचलं आणि तीच आठवली.

२००५ मध्ये शांतोंग प्रांतातल्या लिनयी भागात चेन क्वांगछेंग नावाच्या, कायदा स्वतःच शिकलेल्या अंध कार्यकर्त्याने सक्तीच्या गर्भपातांच्या तक्रारी गोळा केल्या, तर त्यालाच चार वर्षांवर तुरुंगात टाकलं. २०१२ मध्ये शाआन्शी प्रांतात दंड भरता आला नाही म्हणून एका बाईचा सातव्या महिन्यात गर्भपात केला. तिचा बिछान्यावरचा फोटो इंटरनेटवर गेला, तेव्हा कुठे अधिकाऱ्यांवर कारवाई झाली. आता २०१६ पासून दोन आणि २०२१ पासून तीन मुलं चालतात. बायका मात्र एकावरच थांबल्यात.

सडेतोड

हे चीन झालं. आपल्याकडे लोकशाही आहे. उगाच एकाच तराजूत तोलू नका.

जुना_गिरणकर

लोकशाहीचं तुम्ही काढलंत म्हणून सांगतो. मी तेव्हा गिरणीत बदली कामगार. मुंबईत रेल्वे स्टेशनांवर नसबंदीचे बूथ तर आणीबाणीच्या आधीपासून होते. लोक लोकल पकडायला जाताना करून घ्यायचे, पैसे मिळायचे. आणीबाणीत त्याची सक्ती झाली. बार्शीला १९७६ च्या सुरुवातीला बाजाराला आलेल्या माणसांना रस्त्यावरून उचलून टेबलावर घेतलं. आमच्या खात्यातला एकजण त्या बाजूचा, तो सुट्टीवर गावी जायलाच तयार होईना. आणि महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक चक्क मंजूर केलं होतं. देशात असं करणारं पहिलं राज्य. राष्ट्रपतींची सही झाली नाही आणि सरकार पडलं, म्हणून वाचलो. त्या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यातले बहुतेक पुरुष होते.

पुरुषांवर आलं तेव्हा सरकार पडलं. त्यानंतर सगळं बायकांकडे गेलं, आणि तेव्हापासून कुणाचं सरकार पडलेलं नाही.

रानजाई

गिरणकर काका, तुम्ही मागच्या धाग्यावर पतंग आणि मांजा सोडून काही लिहीत नव्हतात, एकदम कुठे होतात? लिहीत राहा.

सडेतोड, तराजू एक नाही हे मलाही मान्य आहे. तिथे दारात सरकारी माणूस येत होता. इथे सासरा येतो. पण सासऱ्याच्या हातात काठी कुणी दिली ते तरी बघाल?

आयडी_नको

या धाग्यासाठी नवीन आयडी काढलाय. मी सरकारी नोकरीत आहे, मुंबईतच, मूळ गाव सांगलीकडे. २००५ नंतरची भरती. दोन मुलं, आणि तांबी असताना तिसऱ्यांदा राहिलं. मी ते पाडलं. मला ते नकोच होतं, नोकरी नसती तरी पाडलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगते आणि ते बहुधा खरंही आहे. पण तो निर्णय कधी माझा झालाच नाही. आठवडाभर घरात चर्चा चालली ती प्रतिज्ञापत्राची. नवरा ऑफिसातल्या एका क्लार्कला 'एका मित्राची केस आहे' म्हणून विचारून आला. सासूबाई म्हणाल्या, जुळं झालं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या खेपेला जुळी झाली तर ती एकच धरतात ना, म्हणून! मला नको आहे, हे वाक्य बोलायला त्या आठवड्यात जागाच नव्हती.

सडेतोड, मी तुमच्या हिशेबात बसणारी आहे. तांबी बसवलेली, दोन मुलांवर थांबलेली. तरी लिहिलं.

फुलवा

आयडी_नको ताई, लिहिलंत ते बरं केलंत.

माझी आई आशा कार्यकर्ती आहे, गावातल्या बायकांच्या आरोग्याचं काम बघते, रत्नागिरीकडे. तिच्या बाजूनेही बघा. वरून विचारतात, ऑपरेशनच्या केसेस किती दिल्या. लेक लाडकी योजना चांगली, मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार मिळतात, पण दुसऱ्या बाळंतपणानंतर ऑपरेशन केल्याचा दाखला लागतो. बाई म्हणते वर्षभर थांबते, तर पैसे अडकतात. दिवस राहिले की ती आईकडेच येते. आईच्या पिशवीत गर्भपाताच्या गोळ्या नसतात, निरोध आणि माला-एन या गर्भनिरोधक गोळ्या असतात. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने पोलिसांच्या आणि एफडीएच्या (औषध प्रशासनाच्या) भीतीने गोळ्या ठेवणंच सोडलंय. मग कुणीतरी मुंबईहून एसटीने पाकीट पाठवतं, कसं घ्यायचं ते फोनवर सांगतं. रक्त थांबेना झालं की रात्री दोनला आईला उठवतात.

डॉ_अबोली

फुलवा, हे देशभर आहे. लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका अभ्यासाने २०१५ साली भारतात १ कोटी ५६ लाख गर्भपात झाल्याचा अंदाज दिला होता. त्यातले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. गोळ्या वाईट नाहीत. वेळेत आणि बरोबर घेतल्या तर सुरक्षित आहेत. लिंगनिदानाशी त्यांचा काही संबंधही नाही, कारण त्या नऊ आठवड्यांपर्यंतच देतात आणि तेव्हा लिंग कळतच नाही. तरी २०१२ नंतर राज्यात धाडी पडल्या त्या मेडिकल दुकानांवर. लिंगनिदान करणारे मोटारीत मशीन घालून फिरत राहिले.

कायद्याचं_बोला

थोडं कायद्याचं. ही अट टिकली ती २००३ च्या जावेद विरुद्ध हरियाणा या निकालावर. निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. गंमत म्हणजे त्यानंतर खुद्द हरियाणाने ती रद्द केली. मध्य प्रदेश, हिमाचल, छत्तीसगडनेही केली. आंध्रने २०२४ मध्ये. निर्मला बुच म्हणून मध्य प्रदेशच्या माजी मुख्य सचिव, त्यांनी पाच राज्यांत फिरून या अटीचा अभ्यास केला होता. बायकोला टाकणं, मूल दुसऱ्याच्या नावावर लावणं, गर्भपात, सगळं त्यात आहे. माणदेशी जे सांगतायत ते एका गावाचं नाही.

आणि मुंबईकरांनो, हसू नका. आपल्या हाउसिंग सोसायटीच्या कमिटीलाही दोन मुलांची अट आहे. भांडणं पार्किंगवरून होतात आणि अर्ज तिसऱ्या मुलावरून पडतो.

सडेतोड

सोसायटीचं माहीत नव्हतं. आमच्या सेक्रेटरीला तीन आहेत, बघतो आता.

विनोद सोडा. अट काढली तर उद्या लोक पाच-पाच काढतील त्याचं काय? याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

माणदेशी

सडेतोड भाऊ, पाच पोरांची फी भरून दावा, मी तुमचं पॅनेल बिनविरोध आणतो.

पाऊसवेडी

वाचनमात्र होते, आज विचारायचं आहे. माझ्या नणंदेला दोन महिने होत आलेत. जत तालुक्यात असते, दोन मुली. तिला नको आहे. सासरचे म्हणतात 'आधी बघू', म्हणजे काय बघू ते तुम्ही ओळखा. दीर यंदा उभे राहणार आहेत, आणि तिचा नवराही पुढच्या वेळेचं बोलतोय. तालुक्याच्या दवाखान्यात ती एकटी गेली तर नवऱ्याची सही आणा म्हणून परत पाठवली. मी तिला कुर्ल्याला माझ्याकडे बोलावू का? कायद्यात बसतं का?

कायद्याचं_बोला

बसतं. ती १८ वर्षांच्या वरची असेल तर फक्त तिची संमती लागते. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यात पहिल्यापासून हेच आहे. संमतीच्या फॉर्मवर नवऱ्याच्या सहीला रकानाच नाही. गर्भनिरोधक फसलं हे कारण चालतं. २० आठवड्यांपर्यंत एकाच डॉक्टरचं मत पुरतं. तिचं नाव बाहेर फोडणं हा २०२१ च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरचाच गुन्हा आहे. सही मागितली तर नियम लेखी दाखवा म्हणायचं, बहुतेक वेळा मागणी तिथेच संपते.

डॉ_अबोली

'आधी बघू'साठी थांबू नका, त्यात दीड-दोन महिने जातील. नऊ आठवड्यांच्या आत असेल तर गोळ्यांनी होतं, पण आधी तपासणी हवी, हिमोग्लोबिन किती आहे ते बघायला हवं. स्वतःच्या मनाने मेडिकलमधून घेऊ नका. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात स्त्रीरोग ओपीडी सकाळी असते, केसपेपरची रांग लवकर लागते. आधार कार्ड, आधीचे रिपोर्ट असतील ते घेऊन या. तिला नक्की काय हवंय हे तिच्याशी एकटीशी बोलून घ्या, फोन स्पीकरवर नसताना. मला व्यनि (खासगी निरोप) करा, सोमवारी मी ओपीडीत आहे.

पाऊसवेडी

व्यनि केलाय. ती रविवारी रात्रीच्या एसटीने निघतेय. घरी सांगितलंय की माझी तब्येत बरी नाही, म्हणून मदतीला येतेय.